पाकिटाचा रंग बदलला, सिगारेट तीच राहिली: रंग ग्राहकाला काय सांगतो आणि आपण काय शिकायचं



लेबल छापायची वेळ येते तेव्हा आपल्याकडे साधारण काय होतं? माल तयार असतो, वजन ठरलेलं असतं, फूड लायसन्सचा नंबर हातात असतो. प्रिंटिंगवाला विचारतो, "रंग कोणता घेऊ?" आपण म्हणतो, "तुम्हाला चांगला वाटेल तो घ्या, फक्त उठून दिसला पाहिजे." सहा महिन्यांची मेहनत, आणि रंगाचा निर्णय अर्ध्या मिनिटात!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पॅकेजिंगच्या रंगावर बोललो. त्यात सिगारेटच्या पाकिटाचं उदाहरण मी दोन वाक्यांत उरकलं होतं. ते इथे सविस्तर देतोय. पण आधीच स्पष्ट सांगतो, हा लेख सिगारेट विकायला शिकवण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मरतात. मग हेच उदाहरण का? कारण रंग माणसाच्या मनावर, त्यातही तरुण पोरांच्या मनावर काय करतो, याचा इतका खोल अभ्यास सिगारेटच्या पाकिटाइतका फार थोड्या वस्तूंचा झालाय. आणि आपल्या धंद्यात कुठली रेघ ओलांडायची नाही, तेही यातून कळतं.

लाल डबा आणि सोनेरी डबा

मार्लबोरो हे नाव घेतलं की घोड्यावरचा काउबॉय आठवतो. पण १९२४ मध्ये अमेरिकेत हा ब्रँड आला तेव्हा तो बायकांची सिगारेट म्हणून विकला जात होता. जाहिरातीत ती किती सौम्य आहे यावर भर असायचा. पुढे १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध वर्तमानपत्रांत येऊ लागला आणि लोक फिल्टरच्या सिगारेटकडे वळू लागले. अडचण अशी होती, की फिल्टरवाली सिगारेट म्हणजे बायकांची, अशी पुरुषांची समजूत होती.

मग कंपनीने दोन गोष्टी केल्या. शिकागोच्या लिओ बर्नेट जाहिरात कंपनीने काउबॉय आणला. आणि पाकीट बदललं. कडक पुठ्ठ्याचा, झाकण उघडणारा डबा, त्यावर घराच्या छपरासारखा लाल रंगाचा आकार. ठळक, गडद, मर्दानी. बायकांसाठी काढलेला हा ब्रँड १९७२ पर्यंत जगात सगळ्यात जास्त विकली जाणारी सिगारेट झाला.

पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मार्लबोरो लाइट्स' आली. डब्याचा आकार तोच, छपराचं डिझाइन तेच. फक्त लालच्या जागी सोनेरी. इथे रंगाला नवीन काम मिळालं. लाल म्हणजे कडक आणि सोनेरी म्हणजे हलकी, हे ग्राहकाला शिकवण्याचं काम.

आता आपली भाषाच बघा. मराठीत आपण 'हलका रंग' म्हणतो, 'हलकं जेवण' म्हणतो आणि 'हलकी सिगारेट'सुद्धा म्हणतो. तिन्हीकडे शब्द एकच! फिकट रंग बघितला की 'हे पचायला सोपं, याने त्रास कमी' हा अर्थ डोक्यात आपोआप येतो. कोणाला काही सांगावंच लागत नाही.

'लाइट' खरंच लाइट होती का?

नाही. आणि इथेच या गोष्टीतली खरी गोम आहे.

अशा सिगारेटच्या फिल्टरला डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक छिद्रं असतात. प्रयोगशाळेतलं मशीन ठरलेल्या पद्धतीने झुरका घेतं. छिद्रांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि मशीनवर टारचा आकडा कमी दिसतो. पण माणूस मशीनसारखा ओढत नाही. शरीराला जितकं निकोटिन हवं, तितकं ते वसूल करतं. माणूस जास्त खोल ओढतो, जास्त वेळा ओढतो, कधी नकळत बोटांनी किंवा ओठांनी ती छिद्रं झाकतो. आकडा कमी, नुकसान तेवढंच.

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००१ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. २००६ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टात न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की 'लाइट' आणि 'लो टार' हे शब्द वापरून कंपन्यांनी लोकांची दिशाभूल केली. विचार करा, सिगारेट सोडायच्या विचारात असलेला माणूस 'चला, लाइटवर येऊ' म्हणून तिथेच थांबला. त्याला वाटलं आपण तब्येतीसाठी काहीतरी करतोय. रंगाने आणि शब्दाने त्याला खोटा दिलासा दिला, आणि त्या दिलाशाची किंमत त्याच्या फुप्फुसांनी मोजली.

शब्द गेला, रंगाने त्याची जागा घेतली

अमेरिकेत २००९ मध्ये तंबाखूवर नवा कायदा आला. २२ जून २०१० पासून पाकिटावर 'लाइट', 'माइल्ड', 'लो' असे शब्द वापरायला बंदी झाली. मग काय झालं? 'मार्लबोरो लाइट्स'ची 'मार्लबोरो गोल्ड' झाली. 'अल्ट्रा लाइट्स'ची 'सिल्व्हर' झाली. बंदी लागू होण्याआधी काही पाकिटांसोबत ग्राहकासाठी सूचना दिली गेली. मतलब असा, की पाकीट बदलतंय, सिगारेट तीच आहे, इथून पुढे सोनेरी पाकीट मागा. या सूचनेवर तिथल्या एफडीएने कंपनीला पत्र पाठवून जाब विचारला होता.

ग्राहक गोंधळला का? अजिबात नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर अभ्यास केला. बंदीनंतर वर्षभराने ९२ टक्के स्मोकर्सनी सांगितलं, की आपला नेहमीचा प्रकार आम्हाला सहज ओळखता येतो. आपल्या ब्रँडच्या पाकिटाचा रंग ६८ टक्के लोकांनी बरोबर सांगितला. म्हणजे शब्द पुसला तरी तो शब्द रंगात शिल्लक होता. चाळीस वर्षं ग्राहकाला शिकवलेला धडा एका कायद्याने पुसला गेला नाही.

एक उद्योजक म्हणून हे वाक्य वहीत लिहून ठेवा: रंग हा सुद्धा दावाच असतो. तोंडाने केलेला, अक्षरात छापलेला आणि रंगाने केलेला, हे तिन्ही दावे ग्राहकाच्या डोक्यात एकाच खात्यात जमा होतात.

पोरांना काय दिसतं?

ब्रिटनमध्ये २००९ साली एक अभ्यास छापून आला. त्यात ५१६ मोठे स्मोकर्स होते आणि ११ ते १७ वयाची ८०६ मुलं होती. त्यांना पाकिटांच्या जोड्या दाखवल्या. यातली कोणती कमी घातक वाटते? मुलांना विचारलं, समजा ओढून बघायची असेल तर कोणती घ्याल?

लाल लोगोचं मार्लबोरो आणि सोनेरी लोगोचं मार्लबोरो शेजारी ठेवल्यावर मोठ्या माणसांपैकी ५३ टक्क्यांनी सोनेरीला कमी धोक्याचं म्हटलं. ३१ टक्क्यांना वाटलं की सोनेरीवाली सोडायला सोपी जाईल. 'स्मूथ' असा शब्द असलेलं पाकीट अर्ध्याहून जास्त मोठ्यांना आणि मुलांना कमी घातक वाटलं. 'सिल्व्हर', 'गोल्ड', 'स्मूथ' असं लिहिलेली पाकिटं मुलांनी पहिल्यांदा ओढून बघण्यासाठी जास्त पसंत केली. पण तीच पाकिटं रंग आणि डिझाइन काढून साधी करून दाखवली, तेव्हा हे गैरसमज बरेच कमी झाले आणि मुलांना ती आकर्षकही वाटली नाहीत.

यात सगळ्यात काळजीची गोष्ट कोणती? चाळिशीतला स्मोकर चवीवरून, सवयीवरून ठरवतो. पंधरा वर्षांच्या मुलाकडे चवीचा अनुभवच नसतो. त्याच्याकडे ठरवायला असतं फक्त पाकीट आणि मित्र काय म्हणतात ते. म्हणून पहिल्या निर्णयात रंगाचं वजन सगळ्यात जास्त पडतं. पुढे व्यसन लागल्यावर रंगाचं काम संपतं, बाकीचं काम निकोटिन करतं.

दुसरी गोष्ट, सिगारेटचं पाकीट काही घरच्या डब्यात राहत नाही. ते खिशातून दिवसातून दहा-वीस वेळा बाहेर येतं, कट्ट्यावर, टेबलावर ठेवलं जातं. मोबाइल किंवा गाडीची चावी ठेवतो ना, तसं. ते पाकीट मालकाबद्दल काहीतरी सांगत असतं. टीव्ही आणि होर्डिंगवर बंदी आली त्या देशांत कंपन्यांसाठी पाकीट हीच शेवटची मोठी जाहिरात उरली, आणि ती ग्राहक स्वतः फुकट फिरवत होता!

मुलींसाठीही हेच केलं गेलं. २००७ मध्ये अमेरिकेत 'कॅमल नंबर ९' आली. काळा डबा, त्यावर एका प्रकाराला गडद गुलाबी कड आणि दुसऱ्याला मोरपंखी. जाहिराती फॅशनच्या मासिकांत. वस्तू तीच, निकोटिन तेच, फक्त पाकिटाला परफ्यूमच्या बाटलीची ऐट.

मग एका देशाने रंगच काढून घेतला

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये कायदा केला आणि १ डिसेंबर २०१२ पासून सगळ्या ब्रँडची पाकिटं एकाच रंगाची केली. लोगो नाही, सोनेरी नाही, चंदेरी नाही. ब्रँडचं नाव ठरलेल्या साध्या अक्षरात, आणि बाकी जागेवर मोठी चित्रं आणि इशारे.

रंग कसा निवडला? आपण डिझायनरला सांगतो 'आकर्षक कर'. त्यांनी उलटं काम दिलं: सगळ्यात नकोसा वाटेल असा रंग शोधा. एक हजाराहून जास्त स्मोकर्सना विचारून शेवटी मातकट, शेवाळी छटेचा गडद तपकिरी रंग ठरला. रंगाच्या कॅटलॉगमध्ये त्याचा नंबर पॅन्टोन ४४८ सी. सुरुवातीला त्याला 'ऑलिव्ह ग्रीन' म्हटलं जात होतं. ऑलिव्ह पिकवणाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, की आमच्या पिकाचं नाव याला देऊ नका! नुसत्या नावानेही धंद्याला धक्का बसू शकतो, हे त्या शेतकऱ्यांना बरोबर कळलं होतं.

आता मजा बघा. नवी पाकिटं आल्यावर ऑस्ट्रेलियात लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की सिगारेटची चव बिघडली. सिगारेट तीच होती. व्हिक्टोरिया राज्यात ५३६ स्मोकर्सची पाहणी झाली. साध्या पाकिटातून ओढणाऱ्यांना आपली सिगारेट वर्षभरापूर्वीपेक्षा कमी दर्जाची आणि कमी समाधान देणारी वाटत होती, आणि सोडण्याचा विचारही त्यांच्या मनात जास्त वेळा येत होता.

म्हणजे रंगाने वाढवलेली चव, रंग काढल्यावर उतरली. पुढे ब्रिटन, फ्रान्स असं करत २० हून जास्त देशांनी हाच मार्ग धरला.

आपल्याकडे काय?

भारतात २००३ च्या कोटपा कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली. १८ वर्षांखालच्या मुलांना विकायला बंदी आहे, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकायला बंदी आहे. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर इशारा असतो. म्हणजे रंगाला खेळायला जागा थोडीच उरली.

पण आपल्याकडचा कॉलेजचा मुलगा पाकीट घेतो कुठे? तो टपरीवर एक सुटी सिगारेट घेतो. इशारा पाकिटावर, आणि पाकीट दुकानदाराकडे! हे लक्षात घेऊनच महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी केली. तुमच्यापैकी जे पान-शॉप, चहाची टपरी, जनरल स्टोअर टाकायच्या विचारात आहेत, त्यांनी हे नियम धंदा सुरू करायच्या आधी नीट समजून घ्या. "सगळेच विकतात" हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही. आणि समोर उभा असलेला पोरगा कोणाच्या तरी घरचा आहे, हे कायद्याशिवायही कळायला हवं.

आता आपल्या धंद्याचं बोलू

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे रंगाने माल खपतो, हे तर सिद्धच झालं!" हो, झालं. पण पुढचं पण ऐका.

१. तुमचा रंग काय बोलतोय ते आधी ऐका. समजा तुम्ही नाचणीची बिस्किटं करताय. मैदा ६० टक्के, नाचणी १५ टक्के. पाकीट हिरवं आणि मातकट, वर कणसाचं चित्र. तुम्ही कुठेही 'पौष्टिक' लिहिलेलं नाही. तरी मधुमेह असलेल्या आजोबांसाठी सून तेच पाकीट उचलणार. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे मैदा पहिला येणार. ज्या दिवशी ती मागची बाजू वाचेल, त्या दिवशी तुमचा ग्राहक गेला. दोन मार्ग आहेत: नाचणी वाढवा, नाहीतर रंग बदला.

२. अंदाज नको, तपासून बघा. त्या संशोधकांची पद्धत आपल्याला हजार-दोन हजार रुपयांत वापरता येते. माल एकच, नाव एकच, वजन एकच. फक्त स्टिकरचे रंग तीन. तीस लोक घ्या, घरचे आणि मित्र सोडून. दहा जणांना पहिला रंग, दहांना दुसरा, दहांना तिसरा. प्रत्येकाला चार प्रश्न: आत काय असेल? चव कशी असेल? किंमत किती असावी? हे कोणासाठी आहे? मग चव द्या आणि विचारा, "वाटलं होतं तसं निघालं का?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जिथे 'नाही' जास्त येतात, तो रंग खोटं बोलतोय, मग तो कितीही छान दिसो. तीस लोकांवरून बारीक फरक कळणार नाहीत, पण मोठा गैरसमज नक्की दिसेल.

३. कायदा लेबललाही लागू आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत लेबल आणि रॅपरही येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. "मी टीव्हीवर जाहिरातच केली नाही" ही सबब इथे नाही.

४. दुसऱ्याचा रंग उचलू नका. आपल्या ट्रेडमार्क कायद्यात पॅकेजिंग आणि रंगांची जुळणीसुद्धा ब्रँडची खूण मानली जाते. २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टात कोलगेट विरुद्ध अँकर असा दात घासायच्या पावडरीच्या डब्याचा खटला झाला. वाद लाल-पांढऱ्या रंगसंगतीचा होता आणि कोर्टाने कोलगेटच्या बाजूने मनाई हुकूम दिला. मोठ्या ब्रँडसारखं दिसण्याच्या नादात हजारो पाऊच छापून बसाल आणि एक नोटीस आली की सगळा माल गोडाऊनमध्ये पडून राहील.

५. मुलांचा माल असेल तर दुप्पट काळजी. चॉकलेट, सरबत, चिक्की, पेप्सीकोला, जे काही असेल ते. मुलाकडे तुलना करायला अनुभव नसतो, तो पाकिटावर विश्वास ठेवतो. फळाचा अंश नसलेल्या सरबतावर आंब्याचा पिवळा रंग आणि फोडींचं चित्र टाकलं, तर माल खपेल. पण दहा रुपयांसाठी मुलाचा विश्वास वापरायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझ्या बॅचमध्ये अशा लेबलला होकार देत नाही.

रेघ कुठे आहे?

मला विचाराल तर एक साधा प्रश्न पुरेसा आहे. ग्राहकाला आतलं सगळं खरं कळलं, तर हा रंग त्याला अजूनही योग्य वाटेल का?

हळदीच्या पाकिटाला पिवळा रंग: हो. तिखट ठेच्याला गडद लाल: हो, उलट मदतच झाली, मुलाच्या डब्यात चुकून जाणार नाही. सोनेरी सिगारेट: नाही. तो रंग फक्त तोपर्यंतच काम करतो, जोपर्यंत ग्राहकाला आतलं माहीत नाही. छोट्या उद्योजकाला असं चालणारच नाही. त्या कंपन्यांकडे निकोटिन होतं, फसवलेला ग्राहकही परत येत होता. तुमच्या पापडात निकोटिन नाही! तुमचा ग्राहक परत येतो तो फक्त एकाच कारणाने, पाकिटाने जे सांगितलं तेच आत निघालं म्हणून.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचं पाकीट समोर ठेवा. नाव, वजन, किंमत, सगळी अक्षरं कागदाने झाका. फक्त रंग आणि चित्र दिसू दे. तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच जणांना विचारा, "यात काय असेल आणि ते कसं असेल?" उत्तरं जशीच्या तशी लिहा, सुधारू नका. व्हिडिओखाली कॉमेंटमध्ये तुमचा माल, रंग आणि ती पाच उत्तरं टाका. त्यातली काही लेबलं आपण पुढच्या व्हिडिओत एकत्र बघू.

भेटूया. तोपर्यंत प्रिंटिंगवाल्याने विचारलं तर "तुम्हाला चांगला वाटेल तो" असं म्हणू नका!